दारावरचं माणूस

१

घराबाहेर पडलं की दार ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत यायचं आणि पुन्हा एकदा ओढून बघायचं, ही इरावतीची लहानपणापासूनची खोड. बाबांकडून उचललेली. पुरुषोत्तम कदम कराडच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कुणीही काहीही सांगावं, यांचा त्यावर विश्वास बसायचा. बसायचा नाही तो फक्त कुलपावर. डब्लिनला एमएस्सी करताना एका घरात राहणारी पोरं इरावतीला यावरून छळायची. "अगं बास की, दार निखळून हातात येईल!" असं त्यांतला अथर्व रोज म्हणायचा आणि ही रोज दात दाखवून पुन्हा ओढायची.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, स्लायगोजवळच्या त्या घराचं दार हिनेच धांदरटपणाने उघडं टाकलं असेल, असं पुढे तुमच्याही मनात येईल. तिच्या स्वतःच्या मनात आलंच होतं.

बाबा गेले ते दोन हजार वीसच्या जुलैत. कोरोनाने नाही, साध्या हार्ट अटॅकने. पण विमानं बंद होती, त्यांना कशाने गेले याच्याशी काय घेणं? एप्रिलचं तिकीट रद्द झालं तेव्हा तिने फोनवर शब्द दिला होता, "बाबा, विमानं सुरू झाली की पहिल्या विमानाने येते." तेही "हो हो, सावकाश ये" म्हणाले होते. मग तिने अंत्यविधीचं सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. चुलतभाऊ उपेंद्रने फोन धरला होता आणि त्याचा हात हलत होता, त्यामुळे धड तेही दिसलं नाही.

त्यानंतर डब्लिनच्या सिटीवेस्टमधल्या फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. चार जण, चार खोल्या, प्रत्येक खोलीत कुणीतरी मीटिंगमध्ये. रडायचं तर बाथरूममध्ये नळ सोडून. ऑफिस घरूनच चालू होतं, मग घर कुठेही असलं म्हणून काय बिघडलं? समुद्राकाठी, स्लायगोच्या बाहेर, एका जुन्या दगडी घराचा तळमजला तिने घेतला. मालकीण नोरीन गिलमार्टिन, सत्तरीची, अंगणापलीकडच्या बंगलीत राहायची. वरचा मजला अडगळीचा, कुलूपबंद. म्हणजे एवढ्या घरात ही एकटी.

आत शिरलं की आधी लांबट दिवाणखान्यासारखा एक रिकामा पॅसेज होता. जमीन काळ्या दगडाची. जाड लाकडाचं दार, त्याला पितळी मूठ, बाजूला काचेची अरुंद पट्टी. दार उघडलं की त्याच्या मागे जी फरशी झाकली जायची, तिला दोन उथळ खळगे पडलेले होते. पहिल्या दिवशी तिथे फडकं मारताना तिला वाटलं, इथे पूर्वी जड कुंडी असेल.

२

आईच्या मनाला मात्र एक गोष्ट लागून राहिली होती. दहाव्याला कृष्णाकाठच्या घाटावर कावळा शिवला नाही.

मोजकीच माणसं जमली होती, तोंडाला फडकी बांधून. उपेंद्रने सगळं बोलून पाहिलं. काकूला सांभाळू म्हणाला, घराचं छप्पर दुरुस्त करू म्हणाला. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि सगळे घरी आले.

"त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय गं," आई फोनवर म्हणाली. "तू पान ठेव. तिकडे कावळे आहेत ना?"

"आहेत की. अगदी आपल्यासारखे. राखाडी अंगाचे."

"मग ठेव बाई. आणि तोंडाने बोल. मनातल्या मनात नाही चालत."

सप्टेंबरातल्या एका रविवारी तिने भात, वरण, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी असं जे जमलं ते केलं. केळीचं पान कुठलं मिळायला? प्रेसमधून, इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, मोठी पांढरी ताटली काढली आणि पुढच्या दाराजवळच्या कुंपणाच्या बुटक्या दगडी गडग्यावर ठेवली. फोन कुंडीला टेकवून उभा केला. तिकडे आई पदर डोक्यावर घेऊन बसलेली.

दोन कावळे आले. ताटलीपासून हातभर लांब बसले. बघत राहिले.

"बोल," आई म्हणाली.

इरावती बोलली. आईला एकटं टाकणार नाही. तुमचा चष्मा, तुमचं घड्याळ जपून ठेवीन. इथे राहायच्या परवान्याचं नूतनीकरण झालं की लगेच येईन. लग्नाचंही बघीन, हो, तेही. कावळे हलेनात. समुद्रावरून वारा येत होता आणि भात गार होऊन गेला होता. तिला हुंदका फुटला. शेवटी तिने हात जोडले, डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते बोलून गेली:

"तुम्हाला जो शब्द दिला होता आणि कुणी पाळला नाही, तो मी पाळीन. मी मोकळं करीन तुम्हाला. अगदी शब्द!"

पंखांचा फडफडाट झाला. डोळे उघडले तर दोन्ही कावळे ताटलीत. वडा चोचीत धरून एकाने मान वर केली, आणि तिच्याकडे नाही, तिच्या पाठीमागे दाराकडे बघितलं.

"जेवले गं! जेवले!" आई रडत होती, हसत होती.

इरावतीही रडली. ताटली घासताना तिच्या लक्षात आलं, की या खेपेला आपण 'बाबा' म्हणालोच नाही. पण म्हणायला कशाला हवं? ज्याचं त्याला कळतं.

३

पहिल्यांदा झालं ते ऑक्टोबरात. पाच किलोमीटरच्या आत राहायचा नियम पुन्हा लागला होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत समुद्रापर्यंत चक्कर, येताना दुकान, एवढंच तिचं जग. दोन्ही हातांत पिशव्या, किल्ली दातांत धरायच्या बेतात ती पायरी चढली आणि दार आपसूक उघडलं.

सताड उघडलं. कुरकुर नाही, काही नाही.

ती तशीच उभी राहिली. दार ओढून बघितलं होतं. परत येऊन दुसऱ्यांदाही बघितलं होतं. मग? जुनं लाकूड, दमट हवा, खटका सरकला असेल. वारा होता का? वारा समुद्राकडून, म्हणजे घराच्या मागून, दार बंद ठेवणारा. बरं, मग आतल्या झोताने ओढलं असेल. खिडक्या तर बंद. तिने स्वतःलाच दटावलं, "इरा, पुरे. आत हो."

ती आत गेली. दार तिच्या पाठीमागे हळूच लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम रिकाम्या हाताने आली, किल्ली पुढे धरून. किल्ली भोकाला लागायच्या आत दार उघडलं.

आणि मग तिला आठवलं. आठवलं कसलं, ती विसरलीच कुठे होती? कॉलेजात असताना ती स्कूटीवरून यायची, आणि तिने बेल दाबायच्या आत बाबा दार उघडायचे. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की त्यांना आवाज ओळखू यायचा. एवढी वर्षं तिने आपल्या घरची बेल कधी वाजवलीच नव्हती.

पिशव्या तिथेच टाकून ती त्या दगडी जमिनीवर बसली. "बाबा," म्हणाली. "आलात होय."

आता हसायचं असेल तर हसा. पण लॉकडाऊनमध्ये, परक्या मुलखात, दिवसचे दिवस माणसाचा स्पर्श नसलेल्या माणसाने यापेक्षा वेगळं काय समजावं? त्या दिवसापासून ती बरी जेवायला लागली. आईला म्हणाली, "मी अगदी मजेत आहे." ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिचा आवाज खणखणीत झाला. अथर्वचा सिटीवेस्टहून फोन आला, तर त्याच्याशी तिने चक्क गप्पा मारल्या.

"कुणी भेटलंय का तुला?" त्याने चिडवलं.

"गप रे," ती म्हणाली, आणि हसली.

४

पण माणूस फार दिवस स्वतःला फसवू शकत नाही, निदान इरावतीला ते जमत नव्हतं.

बाबा दार उघडायचे आणि लगेच पाठ फिरवून पेपरकडे जायचे. दार लावायचं काम तिचं. "लाव गं" हे आतून ऐकू यायचं. इथे तसं नव्हतं. इथलं दार भिंतीला टेकेपर्यंत उघडायचं, ती पूर्ण आत येईपर्यंत तसंच धरलेलं राहायचं, आणि मग लागायचं. ती उंबऱ्यावर मुद्दाम थांबून राहिली तर तेही थांबून राही. तिने बाहेर जायला पॅसेजमध्ये पाऊल टाकलं तरी उघडायचं. मूठ तिला हातही लावू द्यायचं नाही.

बाबा असं कधी करायचे नाहीत. असं कुणीच आपल्या माणसासाठी करत नाही. हे करतात पगारी माणसं, किंवा त्याहूनही नाइलाजाची.

वासही होता. भिजलेल्या लोकरीचा. आणि डिसेंबरातल्या एका दुपारी, ढगांनी चारलाच अंधारून आलेलं असताना, दार उघडलं तेव्हा त्याच्या कडेवर तिला बोटं दिसली. काळी, लांब, थंडीने भेगाळलेली चार बोटं, आणि मनगटावर पिवळ्या कापडाची जुनी बाही. एक बटण तुटलेलं. पापणी लवली आणि तिथे फक्त लाकूड होतं.

ती किंचाळली वगैरे नाही. आत गेली, गॅसवर चहा ठेवला, आणि चहा उतू गेला तरी बघत राहिली.

नाताळनंतर एकदा नोरीन गडग्यापलीकडे उभी होती, मास्क हनुवटीवर, हातात सरपणाची टोपली. दोघी नेहमीसारख्या अंतर राखून बोलत होत्या. इरावतीने उगाच विचारल्यासारखं केलं, "नोरीन, पुढच्या दाराचा खटका जुना आहे का?"

नोरीनने टोपली खाली ठेवली. "तुझ्यासाठी उघडतं?"

इरावतीने मान हलवली.

"तो युवर मॅन," नोरीन म्हणाली. इकडे कुणाही माणसाला 'युवर मॅन' म्हणतात, दूधवाल्यालासुद्धा. "माझे हात भरलेले असले की मलाही उघडून देतो कधीमधी. माझी ब्रायडीमावशी चाळीस वर्षं एकटी राहिली त्या घरात. मुठीला हात लावला नाही तिने कधी. कुणी विचारलं तर म्हणायची, ही इज ग्रँड, काही त्रास नाही हो त्याचा."

"कोण आहे?"

"नाव कुणालाच ठाऊक नाही. घर बांधलं त्या कॅप्टनचा माणूस. अमेरिकेत लढाई झाली ना, तिथले गोरे राजाविरुद्ध उठले तेव्हा? राजाच्या बाजूने दवंडी पिटली, बंडखोरांच्या गुलामांनी मालकाला सोडून आमच्या बाजूने यावं, आम्ही मोकळं करू. किती आले! होड्यांतून, चिखलातून, कडेवर पोरं घेऊन. खंदक खणले, ओझी वाहिली, ढोल बडवले. देवीच्या साथीने पटापट मेले. आणि राजा हरला. उरलेल्यांना जहाजांत भरून कुठं कुठं नेलं. कॅप्टनने एकाला इथे आणला. मोकळा माणूस म्हणून आणला, असं म्हणतात हं. आणि दारावर उभा केला."

"मग?"

"मग काय? तो विचारायचा, मी कधी जाऊ? कॅप्टन म्हणायचा, जाशील की, वसंतात. कॅप्टन मेला तर त्याची बायको म्हणाली, मी सावरले की जा. तिला तरी दुसरं कोण होतं? ती म्हातारी झाली. तिच्याआधी तोच गेला. गेला म्हणजे, आपण म्हणतो तसा."

वारा सुटला होता. नोरीनने शाल ओढून घेतली.

"कुणीच सोडलं नाही त्याला?" इरावतीने विचारलं.

"आमच्या घरात एक रीत आहे. त्याच्याशी बोलायचं नाही. थँक यू म्हणायचं आणि आत जायचं. शब्द तर मुळीच द्यायचा नाही. शब्द मिळाला की तो वाट बघायला लागतो. भाडेकरूंना आजवर त्याने उघडलेलं नाही गं, म्हणून विचारते. तू काही बोलली नाहीस ना त्याला?"

"नाही," इरावती म्हणाली.

"मग ग्रँड," म्हणून नोरीनने टोपली उचलली.

५

त्या दुपारी ती पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली. दार बंद होतं. त्याच्या मागच्या फरशीवरचे ते दोन खळगे तिला पहिल्यांदाच नीट दिसले. कुंडी नव्हतीच कधी तिथे. दोन पावलं होती, शेजारी शेजारी, टाचा जुळवलेली.

काय करायचं ते तिला स्पष्ट माहीत होतं. गडग्यावर ताटली ठेवून, हात जोडून, आईच्या साक्षीने तिने शब्द दिला होता. ज्याने ऐकला त्याने ऐकला. आता सांगायचं, की तू मोकळा आहेस, जा. दोन शब्दांचं काम.

तिने तोंड उघडलं.

आणि तिला उद्याची दुपार दिसली. समुद्रावरून परत यायचं, पायरी चढायची, पिशव्या खाली ठेवायच्या, किल्ली शोधायची. आत कुणी नाही. परवाही नाही. फेब्रुवारीतही नाही. बाबा नाहीत हे तिला पुरतं कळलं ते तेव्हा, दारासमोर. आणि निदान हे एक माणूस तरी आहे, कुणीतरी वाट बघतंय, हेही तेव्हाच कळलं.

"उद्या सांगते हं," ती हळूच म्हणाली. "नक्की."

लाज वाटली तिला. वाटली हो, नाही असं नाही. गुलाम ठेवणाऱ्यांबद्दल ती शाळेत तावातावाने निबंध लिहिणारी मुलगी. पण लाजेचं असं असतं, की पहिल्या दिवशी ती गळ्याशी येते आणि आठवड्याभरात तिची सवय होते. उद्याचं परवा झालं. थंडी ओसरली की सांगू. लस मिळाली की. परवान्याचं पत्र आलं की, म्हणजे आपणही मोकळ्या आणि तोही मोकळा. तिच्या परवान्याचा अर्ज तिकडे कुठल्याशा कचेरीत पडून होता, फोन केला की "पुढच्या महिन्यात" असं उत्तर यायचं, आणि ती चिडून अथर्वला म्हणायची, "माणसाला असं टांगून ठेवायला यांना काहीच कसं वाटत नाही रे?" फोन ठेवून ती फिरायला निघायची आणि दार उघडायचं.

जुलैत वर्षश्राद्ध आलं. पुन्हा वडे, पुन्हा पांढरी ताटली, पुन्हा फोनच्या पडद्यावर आई. तिकडे उपेंद्रने सकाळीच विधी उरकले होते, पण आईला लेकीच्या हातचं पान हवं होतं.

कावळे आले. गडग्यावर ओळीने बसले. ताटलीकडे एकानेही बघितलं नाही. सगळे दाराकडे तोंड करून बसले होते.

दार उघडं होतं. ती बाहेर आली तेव्हापासून ते लागलंच नव्हतं.

"काय अडलंय गं त्यांचं?" आईचा आवाज कापत होता. "मागच्या खेपेला जेवले होते. तू काही कबूल केलंस आणि राहिलंय का? बोल ना. उपाशी ठेवू नको त्यांना."

मग इरावतीला कळलं, की मागच्या खेपेला जेवला तो दुसराच होता. बाबा अजून उपाशीच होते. आणि मध्ये ती उभी होती, दोघांच्याही वाटेत.

बोलायचं होतं ते जिभेवर आलं होतं. पण तिने काय म्हणावं? दाराकडे बघत ती म्हणाली, "मी हे घर सोडीन ना, तेव्हा नक्की मोकळं करीन."

कावळे उडून गेले. सगळे, एकदम.

तिने पटकन फोन उचलून स्वतःकडे वळवला. "शिवला गं आई," ती म्हणाली. "आत्ताच शिवला."

आईने डोळ्यांना पदर लावला. ताटली दोन दिवस गडग्यावर पडून होती. मग त्यातलं अन्न पावसाने धुऊन नेलं.

६

परवाना ऑक्टोबरात आला. दिवाळीला घरी! आईने फोनवरच अनारशाचं पीठ दाखवलं. अथर्व म्हणाला, "परत आलीस की इकडेच ये, तुझी खोली रिकामी आहे." तिने सामान बांधलं, घर सोडत असल्याचं नोरीनला सांगितलं. निघायच्या दिवशी नोरीन मुलीकडे डब्लिनजवळच्या डून लेरीला गेली होती. दुपारपर्यंत येणार होती. किल्ली प्रेसमध्ये ठेवून जा, असं तिने सांगून ठेवलं होतं.

स्टेशनसाठी टॅक्सी ॲपवर बोलावली होती. ती फाटकातून आत येऊन पायरीशी थांबल्याचा आवाज झाला. स्वच्छ सकाळ होती, काचेच्या पट्टीतून ऊन थेट काळ्या फरशीवर पडलं होतं. इरावती बॅग ओढत पॅसेजमध्ये आली.

दार उघडलं नाही.

ती थांबली. बरोबरच आहे, तिला वाटलं. तो वाट बघतोय. तिने बॅग उभी केली. वर्षभर जिभेवर धरून ठेवलेले शब्द तिने बाहेर काढले.

"जा," ती म्हणाली. मग इंग्रजीतूनही म्हणाली, कळावं म्हणून. "तुम्ही मोकळे आहात. मला माफ करा. मी आधीच सांगायला हवं होतं."

समुद्राचा आवाज तेवढा येत होता. मग खटका वाजला. दार उघडलं, नेहमीसारखं, भिंतीला टेकेपर्यंत. तिच्या छातीवरचा दगड उतरला. किती सोपं होतं हे! कशाला एवढं लांबवलं आपण! ती बॅग उचलायला वाकली.

भिजल्या लोकरीचा वास तिच्या अगदी जवळून गेला. दाराच्या मागून निघाला, तिच्या खांद्याला निसटता घासून उंबरा ओलांडला. दार लागलं.

बाहेर खडीवर पावलं वाजली. सावकाश, पायाखालची जमीन पारखत चालल्यासारखी. टॅक्सीचं मागचं दार उघडलं. थोड्या वेळाने लागलं. "सगळं ठीक ना?" असं ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यानंतर उत्तर ऐकून तो हसला.

"अहो!" इरावती ओरडली. "थांबा, मी आहे! मी आत आहे!"

काचेच्या पट्टीला तिने तोंड लावलं. टॅक्सी वळत होती. मागच्या सीटवर कुणीतरी ताठ बसलं होतं, टोपी मांडीवर ठेवून. पिवळी बाही खिडकीच्या काचेशी होती. त्याने घराकडे वळून बघितलं नाही. ड्रायव्हर मान तिरकी करून त्याच्याशी बोलत होता, कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. फाटकातून गाडी बाहेर पडली.

हातातला फोन थरथरला. पडद्यावर टॅक्सीच्या ॲपचा निरोप होता: तुमचा प्रवास सुरू झाला आहे.

तिने मूठ धरली. फिरेना. जोर लावला, फिरेना. खटका अडकला असेल. जुनं लाकूड, दमट हवा. घाबरायचं काय त्यात, स्वयंपाकघराला मागचं दार आहे की! तिकडून जाऊ, दुसरी टॅक्सी बोलावू, गाडी चुकली तर पुढची पकडू. असं तिने ठरवलं. ठरवून झालं तरी ती जागची हलली नाही. म्हणून तिने खाली बघितलं.

तिची दोन्ही पावलं त्या खळग्यांत होती, शेजारी शेजारी, टाचा जुळवलेली. खळगे अगदी तिच्या मापाचे होते.

फोन पुन्हा थरथरला. आईचा निरोप. "निघालीस का गं? दार नीट ओढून बघ. वाट बघते." तिने उत्तर लिहायला अंगठा टेकवला. पडद्यावर अक्षर उमटेना. मग पडदा काळा झाला, आणि त्यात तिला मागची ऊन पडलेली फरशी दिसली, बॅग दिसली, फक्त स्वतःचा चेहरा दिसला नाही.

ऊन फरशीवरून सरकून भिंतीवर गेलं. दुपारी कधीतरी खडीवर चाकं वाजली. नोरीनची गाडी. इरावतीला तो आवाज इतक्या लांबून ओळखू आला, की तिचं तिलाच नवल वाटलं. पावलं पायरीपाशी आली, पिशव्यांची सळसळ झाली, आणि इरावतीचा हात आपोआप मुठीवर गेला. मूठ लोण्यासारखी फिरली. तिने दार उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत.

"नोरीन!" ती म्हणाली. "नोरीन, मी इथे आहे. दाराच्या मागे. इकडे बघ!"

नोरीन दोन्ही हातांत सामान घेऊन आत आली. पॅसेजमध्ये उभी असलेली बॅग बघून ती दचकली, तिने घराच्या आतल्या बाजूला हाक मारली, "इरा? गेली नाहीस अजून?" मग ती बराच वेळ बॅगेकडे बघत राहिली. दाराकडे मात्र तिने मान वळवली नाही.

"थँक यू," ती हलक्या आवाजात म्हणाली, आणि आत निघून गेली.

इरावतीने दार हळूच लावलं. आणि सवयीने एकदा ओढून बघितलं.